हाफ क्लचवरचं जंगल

जुलै लागला की ताडोबाच्या कोअर क्षेत्राचे दरवाजे बंद होतात आणि मोहर्ली, कोलारा, नवेगाव या बाजूच्या अंगणांत जिप्सी उघडायला सुरुवात होते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला जंगल पुन्हा सुरू होईपर्यंत तीन महिने हातात असतात. बफरमधल्या फेऱ्या चालू असतात, पण पाऊस आणि पर्यटक दोघेही मर्जीचे मालक. त्यामुळे गाडी आठवडाभर ठोकळ्यांवर राहिली तरी घरात कुणाचं फारसं अडत नाही. कुणी पाट्यांचे बुश बदलतो, कुणी सीटांना नवं रेग्झिन शिवून घेतो, कुणी चासीचा गंज खरवडून काळा रंग मारतो. मधूनच एखाद्या अंगणात गाडीखाली ताडपत्री अंथरलेली दिसते, तिच्यावर तेलकट गिअरबॉक्स आडवा पडलेला असतो आणि दोन जोडी पाय गाडीखालून बाहेर आलेले असतात. तिथे क्लच बदलायचं काम चालू आहे असं खुशाल समजावं.

मोटारगाडीतलं सगळ्यात कमी दिसणारं आणि चालवणाऱ्याच्या सवयीवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेलं यंत्र म्हणजे क्लच. इंजिन कंपनी बनवते, रस्ता सरकार बनवतं, क्लचचं आयुष्य मात्र डाव्या पायावर ठरतं. जंगलातल्या जिप्सीच्या बाबतीत तर तो डावा पाय एकट्या ड्रायव्हरचाही नसतो. मागे उभे असलेले सहा पर्यटक तो पाय दाबायला लावतात. हा मुद्दा मला एका गाईडबाईंनी सांगितला. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी गाडीबद्दल. मारुतीने जिप्सी भारतात आणली 1985 साली. सुझुकीची एसजे 410 ही छोटी फोर बाय फोर गाडी लांब करून इथे आली. सुरुवातीला 970 सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. 1996मध्ये 1298 सीसीची, पाच गिअरची जिप्सी किंग आली. पुढे तिलाच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन मिळालं. पोलीस, लष्कर, वनखातं आणि रॅलीतले शौकीन यांनी ही गाडी डोक्यावर घेतली. सामान्य गिऱ्हाईक मात्र तिच्या खडबडीत सीटांकडे बघून मागे फिरलं. 2019च्या सुमारास, सुरक्षेचे नवे निकष येत असताना, सामान्यांसाठी तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे ताडोबात आज जी जिप्सी पर्यटक नेते, ती कितीही चकचकीत रंगवलेली असली तरी बऱ्यापैकी जुनी असते. काही तर लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत इथवर आलेल्या असतात. अशी गाडी चालू ठेवायची तर ती उघडता आलीच पाहिजे, आणि चंद्रपूरचं गॅरेज मोहर्लीहून तीसेक किलोमीटरवर आहे. क्लच पूर्ण गेलेली गाडी तिथवर आपल्या पायाने जात नाही.

उघडायला ही गाडी मोठी समजूतदार आहे. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये, सीजे थ्री-बी असो की एमएम 540, ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने जोडलेली असते. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ही पेटी गिअरबॉक्सबरोबर खाली घ्यायची म्हणजे दोन माणसांच्या कमरेची परीक्षा. जिप्सीत ही पेटी वेगळी, मागे चासीवर स्वतंत्र बसवलेली असते. गिअरबॉक्स आणि ती पेटी यांच्यामध्ये एक छोटा प्रोपेलर शाफ्ट. तो काढला की गिअरबॉक्स एकटा मोकळा होतो. तो ॲल्युमिनियमचा असल्याने एकाने जॅक सांभाळला आणि दुसऱ्याने हात दिला तर खाली येतो. घरच्या अंगणात क्लच बदलणं जमतं ते सुझुकीच्या इंजिनिअरांनी केलेल्या या एका वाटणीमुळे.

मोहर्लीजवळच्या ज्या अंगणात मी हे काम पाहिलं, तिथली जिप्सी किंग एका तरुण ड्रायव्हरची होती. त्याची बायको गाईड. ताडोबात आता बायकाही गाईडचं काम करतात आणि या घरात तर नवरा गाडी घेऊन एका गेटला, बायको दुसऱ्याच कुणाच्या गाडीत, असा संसार चालतो. मेस्त्री म्हणजे त्याचे काका. उमेदीची वर्षं चंद्रपूरच्या गॅरेजात घालवलेले, आता शेतीवर असलेले. काकांची पान्यांची पेटी बघण्यासारखी होती. प्रत्येक पाना पुसून, आकाराप्रमाणे, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला.

"काका, क्लच घसरून राहिला जी. चौथ्यात रेस देतो त आवाज वाढते, गाडी जागची उचलत नाही."

"पयले केबल पाह्य," काका म्हणाले. "केबल न पाहता गिअरबॉक्स उतरवला त मी हात नाही लावत."

यात शहाणपण आहे. जिप्सीचा क्लच केबलने चालतो. पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल असावी लागते, साधारण दोन-तीन सेंटिमीटर. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. ती पार संपली की पाय न ठेवताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि घसरायला लागतो. अशा वेळी केबलच्या टोकाची नट फिरवून चाल परत दिली की काम भागतं, पैसा खर्च होत नाही. कितीतरी गाड्यांचे चांगले क्लच केवळ केबल कुणी न बघितल्यामुळे बदलले जातात, असं काकांचं म्हणणं. ते खरं असावं, कारण गॅरेजवाल्याला केबलची नट फिरवण्याचे पैसे मागायची लाज वाटते आणि गिअरबॉक्स उतरवण्याचे मागायची वाटत नाही.

केबल ठीक होती. मग दुसरी परीक्षा. हँडब्रेक घट्ट ओढायचा, पुढे मोकळी जागा आणि माणूस नाही याची खात्री करायची, चौथा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. या गाडीचं इंजिन बंद पडायला तयार नव्हतं. घुर्र करत फिरत राहिलं आणि बॉनेटखालून तो ओळखीचा वास आला. जळक्या केसांचा आणि तापलेल्या रबराचा मिळून होतो तसा. ही परीक्षा एकदाच करायची असते. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही तिच्यातच जाते.

आता हे यंत्र नेमकं करतं काय. इंजिनाच्या पाठीला फ्लायव्हील नावाची जड लोखंडी चकती असते, ती इंजिनाबरोबर अखंड फिरते. तिच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली. या दोघींच्या मध्ये क्लच प्लेट, म्हणजे दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर रिव्हेटांनी ठोकलेली पातळ चकती. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दात्यांमध्ये बसते. प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की केबल एका काट्याला ओढते, काटा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या बोटांवर दाब देतं आणि पकड सुटते. पेडल पूर्ण वर असताना झीज जवळजवळ नाही. पूर्ण खाली असतानाही प्लेटची झीज नाही, फक्त बेअरिंग राबतं. सगळी खराबी मधल्या जागेत होते. तिला सगळे हाफ क्लच म्हणतात.

हाफ क्लचमध्ये किती उष्णता तयार होते याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. समजा चढावर गाडी नुसती क्लचवर धरली आहे, चाकं थांबलेली आहेत, इंजिन मिनिटाला 2000 फेरे फिरतंय आणि 60 न्यूटन-मीटरचा पीळ देतंय. या इंजिनाला ते सहज जमतं, त्याची कमाल शंभराच्या जरा वर आहे. गुणाकार केला तर साडेबारा किलोवॅट येतात. न्हाणीघरातले सहा गिझर एकदम चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी, आणि ती सगळी हातात मावणाऱ्या एका चकतीच्या अस्तरावर. पाणी नाही, पंखा नाही, बेल हाऊसिंगच्या बंद पेटीत. काही सेकंदांत अस्तराचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत झालेलं अस्तर आणखी घसरतं, म्हणून आणखी तापतं. क्लच एकदा घसरायला लागला की सुधारत नाही तो यामुळे. पहिल्यांदा वास आल्यानंतरचे दिवस मोजायचे असतात.

गाईडबाई दिवा धरून उभ्या होत्या. पावसाची भुरभुर, वीज गेलेली, टॉर्च त्यांच्याच हातात. नवरा आणि काका गाडीखाली.

"सांगू का सर," त्या म्हणाल्या, "वाघ दिसला की पर्यटक म्हणते, भाऊ जरा पुढं घ्या. पुढं घेतली की म्हणते, मधात फांदी येऊन राहिली, जरा मागं घ्या. मंग वाघ उठला की पुन्हा पुढं. एका वाघात पंधरा वेळा. आणि सगळ्या गाड्या चिकटून उभ्या, त एकेक हात सरकायचं. चढावर उभी असली त पाहायलाच नको."

गाडीखालून नवऱ्याचा आवाज आला, "आणि इंजिन बंद करा म्हटलं त यांनाच राग येते का वाघ निघून गेला त काय करता."

हाच या गाड्यांचा खरा रस्ता. लोकांना वाटतं जंगलातल्या खड्ड्यांनी, नाल्यांनी, चिखलाने क्लच जातात. थोडंफार त्यानेही होतं. मुरुमाची बारीक धूळ बेल हाऊसिंगमध्ये शिरते, नाल्यातून गेल्यावर प्लेट ओली राहते. पण मोठा वाटा माणसाचा. आठ माणसं भरलेली गाडी, पहिला गिअर, पाव पाव फूट पुढे-मागे, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला. रिव्हर्सचा गिअर तर बहुतेक गाड्यांत पहिल्याच्या आसपासचाच असतो, म्हणून मागे सरकताना हाफ क्लच टाळायला जागाच उरत नाही.

यावर उपाय गाडीतच आहे. ट्रान्सफर केसमध्ये लो रेंज असते. ती टाकली की त्याच इंजिनफेऱ्यांत गाडी खूप हळू चालते आणि पाय क्लचवरून पूर्ण काढून गोगलगायीच्या गतीने पुढे जाता येतं. पण जिप्सीत लो रेंज फक्त चारही चाकं जोडलेली असतानाच मिळते. मऊ मातीत त्याने काही बिघडत नाही. कडक रस्त्यावर तीव्र वळण घेताना गाडी आखडते, म्हणून ड्रायव्हर ती लावायला नाखूश असतात. शिवाय वाघ समोर असताना छोटी दांडी खडखडवत बसायला वेळ कुणाला आहे? माझं मत विचाराल तर मातीच्या चढावर, गर्दीत अडकल्यावर ती लावायलाच हवी. काकांचंही तेच मत. पुतण्याचं नाही. त्यांचं यावर गाडीखाली चांगलं वाजलं.

*

काम कसं झालं ते थोडं सविस्तर, कारण घरी क्लच बदलणाऱ्याला पुस्तक वाचून जे कळत नाही ते अंगणात कळतं.

पहिली गोष्ट गाडी उचलण्याची. पावसाळ्यातली जमीन भुसभुशीत. काकांनी जॅकखाली जाड फळी टाकली आणि चासीखाली सागाचे चौकोनी ठोकळे दोन्ही बाजूंना लावले, मग गाडीला खांद्याने चांगले धक्के देऊन पाहिले. ती हलली नाही तेव्हाच आत शिरले. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक यांना ते हात लावू देत नाहीत. लाकूड दबताना कुरकुरतं, सूचना देतं. वीट एकदम फुटते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जो शिरतो त्याच्याशी मी बोलत नाही, असं ते म्हणाले आणि ते गमतीत म्हणत नव्हते.

बॅटरीची ऋण बाजू सोडली. आतून गिअरच्या दांडीचं रबर आणि दांडी काढली. खालून ऑईल सोडलं. मधला छोटा शाफ्ट आणि पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट सुटा केला. सोडण्याआधी दोन्ही फ्लँजांवर छिन्नीने बारीक खूण केली, म्हणजे परत बसवताना तेच तोंड त्याच तोंडाला येतं, नाहीतर पुढे गाडी थरथरते. स्टार्टर बाजूला घेतला, क्लचची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी. मग इंजिनाच्या ऑईल पॅनखाली लाकडाची फळी ठेवून दुसरा जॅक टेकवला. गिअरबॉक्सचा आधार काढल्यावर इंजिन मागच्या बाजूला कलतं, आणि ते कललं की पुढे पंखा रेडिएटरला लागायची भीती. हा दुसरा जॅक विसरणारे बरेच.

शेवटी बेल हाऊसिंगचे बोल्ट. वरचे दोन हात पोचणार नाहीत अशा जागी, लांब एक्स्टेन्शन लावल्याशिवाय सुटत नाहीत. तिथे बराच वेळ गेला आणि भाषाही गेली. गाईडबाई तेवढ्यापुरत्या चहा ठेवायला आत गेल्या.

गिअरबॉक्स मागे सरळ ओढायचा असतो. तो शाफ्टवर लटकू द्यायचा नाही, नाहीतर प्लेटचा मधला भाग वाकतो. जुनी प्लेट टाकायचीच आहे म्हणून या बाजूने हयगय चालते, बसवताना चालत नाही.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सोडून ती उतरवली. क्लच प्लेट बाहेर आली आणि काकांनी ती उजेडात धरली. एका अंगाला अस्तर रिव्हेटांच्या डोक्यापर्यंत गेलेलं. सुझुकीच्या हिशेबात रिव्हेटचं डोकं अस्तराच्या आत अर्धा मिलिमीटर तरी खोल हवं. इथे बोट फिरवलं तर रिव्हेट हाताला लागत होते. फ्लायव्हीलवर त्यांनी गोल चरे पाडले होते आणि मधे मधे निळसर डाग. निळा डाग म्हणजे तिथलं लोखंड अतोनात तापलेलं. मधल्या छोट्या स्प्रिंगांपैकी एक ढिली झालेली, हलवली की खुळखुळे. काकांनी ती पुतण्याच्या कानाजवळ नेऊन वाजवली. बोलले काही नाहीत.

प्लेटवर तेल नव्हतं, हे एक बरं. तेल असतं तर इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑईल सीलवर बोट ठेवावं लागलं असतं, आणि सील न बदलता नवीन प्लेट टाकणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. क्लच सोडताना गाडी थडथडत असेल तर आधी संशय तेलावर घ्यावा.

बेल हाऊसिंगमध्ये काळी भुकटी साचलेली असते. मुलं फुंकर मारतात, गॅरेजवाले हवेची नळी लावतात. जुन्या काळच्या क्लच प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती भुकटी फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी जिवावर येते. नव्या प्लेटांतून ते गेलं असलं तरी जुन्या गाडीत कोणत्या काळची, कुठल्या दुकानातली प्लेट निघेल सांगता येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, फडकं फेकून द्यावं. काकांनी तोंडाला गमछा बांधला होता. सवयीने की समजून, ते विचारायला सुचलं नाही.

फ्लायव्हील दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला लेथवर गेलं. चरे खोल नसतील तर पॉलिश पेपरने घासून भागतं, निळे डाग आणि बारीक तडे असतील तर टर्निंग करून घ्यावं लागतं. त्याच फेरीत सामान आलं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या मधोमध बसणारं छोटं बेअरिंग, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फिरतं. पुतण्याला नुसती प्लेट घ्यायची होती. काकांनी ऐकलं नाही. प्लेटीपेक्षा गिअरबॉक्स वरखाली करण्याचं काम मोठं. रिलीज बेअरिंग पुढच्या उन्हाळ्यात ओरडायला लागलं तर एवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं. या बाबतीत मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा आहे. सेट घ्यायचा नसेल तर गाडी उघडूच नये.

सामान कुठलं घ्यावं यावर गॅरेजात मतं कडक असतात. महाराष्ट्रात क्लच बनवणारी जुनी नावं आहेत. औरंगाबादची सीके डायकिन, जी आता एक्सेडी इंडिया म्हणून चालते, त्यातली एक. बाजारात हुबेहूब खोक्यांत नकली मालही मिळतो, आणि नकली प्लेट वजनाला हलकी, अस्तराच्या कडा ओबडधोबड, रिव्हेट असमान ठोकलेले, असं निरखून बघितलं तर कळतं. निरखून बघायला जुनी प्लेट बरोबर न्यावी. दात्यांची संख्या आणि व्यास जुळतो का तेही तिथेच कळतं. जिप्सीची दोन इंजिनं, त्यात गाडीमालकांनी केलेली अदलाबदल, म्हणून मॉडेलचं वर्ष सांगून सामान मागणं धोक्याचं.

बसवण्यात खरी कसोटी दोन जागी. पहिली प्लेटची दिशा. मधला उंचवटा गिअरबॉक्सच्या बाजूला हवा, बहुतेक प्लेटांवर तसं लिहिलेलंही असतं. उलटी बसली तर सगळं जोडून झाल्यावर क्लच सुटतच नाही आणि दिवस वाया जातो. दुसरी, प्लेट बरोबर मध्यावर आणणं. प्रेशर प्लेट आवळण्याआधी प्लेट मोकळी असते, जराही एका बाजूला राहिली तर शाफ्ट आत जाणार नाही. बाजारात यासाठी प्लास्टिकची दांडी मिळते. काकांकडे जुन्या फुटक्या गिअरबॉक्समधून काढलेला शाफ्टच होता. तो प्लेटमधून घालून छोट्या बेअरिंगमध्ये टेकवला, आणि मग सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, आठ मिलिमीटरचे असल्याने 12च्या पान्याने. यांना टॉर्क पान्याने साधारण सव्वादोन किलोग्रॅम-मीटरचा पीळ लागतो. काकांनी मनगटाने लावला. मी मोजला नाही, पण ज्याच्याकडे काकांचं मनगट नाही त्याने टॉर्क पाना मागून आणावा.

दात्यांवर ग्रीसचा बोटाने पुसट हात फिरवला आणि जास्तीचं पुसून काढलं. जास्त ग्रीस फिरताना उडतं आणि नव्या अस्तरावर बसतं. प्लेटला हात लावण्याआधी हात धुवून कोरडे केले. पुतण्याला हे सगळं सोवळं वाटलं. "देवघरात शिरून राहिलो का जी आपण?" त्याने विचारलं.

गिअरबॉक्स वर चढवणं हा खरा कष्टाचा भाग. जॅकवर उंची आणायची, इंजिनाचा कोन आणि गिअरबॉक्सचा कोन एक करायचा, आत ढकलायचा. दोन बोटं बाकी असताना अडतोच. इथे अधीर माणूस बेल हाऊसिंगचे बोल्ट लावून ओढून घेतो. त्यात हाऊसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचा मधला भाग मोडतो. युक्ती अशी की गिअर टाकायचा आणि मागची फ्लँज हाताने हळू हळू फिरवायची. दाते दात्यांत आले की गिअरबॉक्स आपणहून आत सरकतो. सरकला तेव्हा टक असा बारीक आवाज झाला, काकांनी "हां" म्हटलं आणि गाडीखालीच बिडीसाठी खिसा चाचपला. तो कोरडा नव्हता.

पुढचं सगळं उलट्या क्रमाने. 90 नंबरचं गिअर ऑईल, केबलची चाल, वायरी. पुतण्याने रिव्हर्स टाकून गाडी ठोकळ्यांच्या मागे नेली. पेडल हलकं लागत होतं आणि पकड वरच्या बाजूला येत होती. नवीन प्लेटला पहिले काहीशे किलोमीटर जपायचं असतं, चढावर हाफ क्लच धरायचा नाही, ओढून न्यायचं काम घ्यायचं नाही. अस्तर आणि लोखंड एकमेकांना घासून घासून एकरूप व्हायला तेवढा वेळ लागतो. बफरमधल्या पावसाळी फेऱ्या यासाठीच बऱ्या.

*

हे काम पुण्या-मुंबईतही घरी होतं. नाना पेठेत सामान मिळतं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी गाडी उचलली जाते, आणि फरशीवर ऑईलचा एक थेंब पडला की सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतो. शहरातल्या हौशी जिप्सीवाल्यांचे क्लच वेगळ्या कारणाने जातात. आठवडाभर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लच आणि महिन्यातून एकदा सह्याद्रीतल्या लाल चिखलात अडकल्यावर फुल रेस देऊन गाडी झुलवणं. चिखलात रुतलेली गाडी क्लच घसरवून बाहेर निघत नाही. फावडं आणि दोर त्यापेक्षा स्वस्त पडतात.

नव्या फोर बाय फोर गाड्या घेऊन हे करायला निघालेल्यांनी मात्र थांबून विचार करावा. क्लच हायड्रॉलिक, काहींत रिलीज बेअरिंग आणि हायड्रॉलिक सिलिंडर एकत्रच बेल हाऊसिंगमध्ये बसवलेले, काहींत दोन तुकड्यांचं फ्लायव्हील, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस मिळून जड पेटी. अंगणात ठोकळ्यांवर ती उतरवणं शक्य असेल, पण शहाणपणाचं नाही. जिप्सीचं जे जमतं ते जिप्सीचंच. त्या गाड्या रस्त्यावर राहतील तोवर काकांच्या धोतरात गुंडाळलेले पाने लागतील, आणि काकांनंतर ते कोण उघडणार याचं उत्तर त्या अंगणात मला दिसलं. गिअरबॉक्स चढवताना फ्लँज फिरवायला गाडीखाली शेवटी ज्यांचा बारीक हात पोचला, त्या गाईडबाई होत्या. केबलची चाल किती ठेवायची हे आता त्यांना पाठ आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ताडोबाला जाणाऱ्यांसाठी एवढंच. वाघ दिसला की गाडी जिथे उभी आहे तिथे उभी राहू द्या. ड्रायव्हरला इंजिन बंद करायला तुम्हीच सांगा. कॅमेरा हलणार नाही, आवाज होणार नाही. फांदी आडवी आली तर आपण सीटवर दोन पावलं सरका, गाडीला सरकवू नका. आणि चढावर तर मुळीच "भाऊ, जरा मागं" म्हणू नका.